दहा-बारा वर्षांच्या वाचकांसाठी अद्भुत साहस कादंबरी : कोणत्या क्रमाने लिहायची

मुलांसाठी लिहायला घेतलेल्या अद्भुत साहस कादंबऱ्या बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात अडकतात. कारण बहुतेक वेळा एकच असते : क्रम उलटा झालेला असतो. लेखक आधी नकाशा काढतो, राज्यांना नावे देतो, राजघराण्याच्या सात पिढ्या रचतो, जादूच्या आठ-दहा शक्ती ठरवतो आणि मग त्या पसाऱ्यात एक मूल आणून सोडतो. त्या मुलाला करण्यासारखे काही उरलेलेच नसते. मग एखादे साधू महाराज भेटतात, तलवार सापडते, भविष्यवाणी होते आणि गोष्ट कशीबशी पुढे ढकलली जाते.

इथे दिलेला क्रम ९ ते १२ या वयासाठी, म्हणजे साधारण चौथी ते सातवीच्या वाचकांसाठी आहे. या मुलांना चित्रांची गोष्ट बाळबोध वाटते आणि मोठ्यांच्या कादंबरीतले पाल्हाळ त्यांना सोसत नाही. आधी मूल आणि त्याची निकड, मग जादूचा नियम, मग मोठ्या माणसांची सोय, मग जागा आणि वेळ, मग आराखडा, आणि एवढे झाल्यावरच पहिले वाक्य. कळायला सोपे जावे म्हणून एकच कथाबीज शेवटपर्यंत वापरले आहे.

लिहिण्याआधीची तयारी

दोन वह्या घ्या. एक खर्ड्याची, दुसरी नियमांची. नियमवहीत फक्त ठरलेल्या गोष्टी जातील : कोणाचे वय किती, जादूला काय जमते, कोणत्या तिथीला काय घडते. बाराव्या प्रकरणापर्यंत पोचाल तेव्हा दुसऱ्या प्रकरणात आजीचे घर डोंगराच्या कोणत्या बाजूला होते हे आठवणार नाही. ती वही असेल तर हस्तलिखित चाळत बसावे लागत नाही.

लांबी आधीच ठरवा. २५ ते ३५ हजार शब्द पुरेसे आहेत. प्रकरण साधारण दीड हजार शब्दांचे ठेवलेत तर मोठ्याने वाचायला बारा ते पंधरा मिनिटे लागतात. झोपण्यापूर्वी किंवा शाळेतल्या ऑफ तासाला एवढाच वेळ मिळतो. अशी वीस प्रकरणे म्हणजे कादंबरी झाली.

आणि या वयाच्या मुलांचे ऐका. एखाद्या सहावीतल्या मुलीला तिने पाहिलेला सिनेमा सांगायला बसवा आणि मध्ये बोलू नका. ती राजवाड्याचे वर्णन गाळेल, पण नियम मात्र चोख सांगेल : ‘त्याला पाण्यात शिरता येत नसतं ना, म्हणून तो पुलावरच थांबतो.’ मुलांच्या डोक्यात अद्भुत गोष्ट नियमांनी राहते, दृश्यांनी नाही. लांबीचा आणि वाक्यरचनेचा अंदाज यावा म्हणून बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक वाचा. १९७१ पासूनचे हे मासिक याच वयासाठी निघते.

टप्पा १ : मुलाला काय हवे आहे, एका वाक्यात

‘जगाला वाचवायचे आहे’ ही अकरा वर्षांच्या मुलीची निकड नसते. तिची निकड घरातली असते : भाऊ, मैत्रीण, कुत्रा, घर सुटणे, कोणी विश्वास न ठेवणे. जग वाचायचे असेल तर ते त्या निकडीच्या ओघात वाचेल.

आपले कथाबीज असे : मुक्ता, वय ११, अलिबागच्या कोळीवाड्यात राहते. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या फेरीला गेलेला तिचा थोरला भाऊ परत येतो, तेव्हा त्याला होडीवरच्या माणसांनी दारापर्यंत आणून सोडावे लागते. तो उंबरठ्याशी थांबतो आणि आत येत नाही. स्वतःच्या घराची वाट तो विसरला आहे. मुक्ताला दादा घरात परत हवा आहे.

बस, एवढेच. या वाक्यात राक्षस नाही, राज्य नाही, तरी कादंबरी आहे.

तपासा : तुमच्या वाक्यातून जादू काढून टाका. उरलेली निकड मुलाला रडवण्याइतकी खरी वाटते का? वाटत नसेल तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

टप्पा २ : जादूचा एकच नियम, त्याची किंमत आणि मर्यादा

इथे सगळ्यात जास्त हात सैल सुटतो. शक्ती जितक्या जास्त, तितके प्रसंग कमी, कारण प्रत्येक अडचणीला शक्ती तयारच असते. एक नियम घ्या आणि त्याच्याभोवती तीन प्रश्न लावा : काय जमते? काय जमत नाही? वापरणाऱ्याकडून काय जाते?

नियमाचे मूळ आपल्या मातीत शोधले की तो चटकन रुजतो. कोकण-गोव्यात वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहण्याची रीत आहे. रात्री तो गावभर फिरतो आणि त्या वहाणा झिजतात, अशी समजूत. या रीतीत मोठी गोष्ट दडलेली आहे : कोणीतरी सगळ्या वाटा चालतो, आणि त्या चालण्याची झीज कुठेतरी दिसते. तेवढा धागा उचलायचा. देव उचलायचा नाही.

आपला नियम : किल्ल्याच्या राखणदाराच्या वहाणा पायात घातल्या की ओळखीच्या कोणत्याही जागी क्षणात पोचता येते. किंमत : प्रत्येक वापरात घालणाऱ्याच्या मनातून ओळखीची एक वाट पुसली जाते. आधी रोजची नसलेली, मग रोजची, तिसऱ्या वेळी घराची. मर्यादा : पुसलेली वाट परत मिळते, पण वहाणा जिथून उचलल्या तिथे ठेवून, तिथपासून दारापर्यंत घरच्या माणसाचा हात धरून पायी चालले तरच.

बघा, दादाचे काय झाले हे आता सांगावे लागत नाही. त्याने वहाणा तीनदा घातल्या. शेवट काय असणार याचीही दिशा मिळाली : धाकटीने थोरल्याचा हात धरून त्याला चालवत आणायचे.

सावध : किंमत ‘थकवा येतो’ किंवा ‘शक्ती कमी होते’ अशी ठेवू नका. झोपून उठले की ती फिटते. जे गेल्याचे दुःख मुलाला कळते तेच किंमत म्हणून लावा.

सावध : नियम पहिल्या पाच प्रकरणांत पूर्ण उघड झाला पाहिजे. शेवटच्या प्रकरणात नवी शक्ती काढलीत तर मूल पुस्तक मिटते आणि पुन्हा तुमच्याकडे येत नाही.

टप्पा ३ : मोठ्या माणसांची सोय

घरात समजूतदार आईवडील असतील तर मूल त्यांना सांगेल आणि ते बघून घेतील. म्हणून आईवडील अपघातात गेलेले दाखवण्याचा सोपा रस्ता लेखक धरतात. तसे करू नका. मोठी माणसे घरातच असू द्या, मात्र ती मदत का करू शकत नाहीत याचे प्रामाणिक कारण द्या. ती कामात बुडालेली असतात, त्यांना भलतेच कारण पटलेले असते, किंवा त्यांना माहीत असते पण बोलायची भीती वाटते. मुक्ताच्या आईला वाटते की दादाच्या डोक्याला मार लागलाय. ती त्याला जिल्हा रुग्णालयात नेते, रांगेत उभी राहते. तिचे वागणे बरोबर आहे. म्हणूनच मुक्ताचे एकटेपण खरे वाटते.

आजी-आजोबा हे मराठी बालसाहित्यातले हुकमाचे पान आहे आणि तिथेच घात होतो. आजी सगळे जाणून असते, आजी मंत्र सांगते, आजी सोडवते. आजीला माहिती असू द्या, उत्तर नको. आपल्या गोष्टीत आजी तिथीवरून भरती काढायला शिकवते. त्या हिशेबाचा उपयोग कधी करायचा हे मुक्ता ठरवते.

मोबाईलचेही असेच. ‘रेंज गेली’ हे कारण एकदा चालते. अलिबागसारख्या गावात ते पटणारही नाही. त्यापेक्षा फोन असूनही उपयोग नाही अशी अडचण घाला. घरात एकच फोन आहे, तो आईकडे आहे, आणि फोन करून सांगितले तरी विश्वास कोण ठेवणार?

तपासा : प्रत्येक संकटापुढे लिहा, ‘हे कोणी सोडवले?’ उत्तर मुक्ता नसेल तर तो प्रसंग पुन्हा रचा.

टप्पा ४ : जागा आणि वेळ

नकाशा काढायची वेळ आता आली. शक्य असेल तर खऱ्या जागेवरून सुरुवात करा, कारण खरी जागा तुम्हाला फुकट अडचणी देते. महाराष्ट्रात अशा जागांना तोटा नाही : निघोजचे कुकडी नदीतले रांजणखळगे, उल्केच्या आघाताने बनलेले लोणारचे खारे सरोवर, नाणेघाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण, रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पे. प्रत्येक जागा एक प्रश्न घेऊन येते : हे कोणी केले, कशासाठी केले, आत काय आहे? एकच निवडा. चार जागा फिरवून आणणारी कादंबरी सहलीचे वर्णन होऊन बसते.

आपण अलिबागचा कुलाबा किल्ला घेतला आहे. हा जलदुर्ग ओहोटीला चालत गाठता येतो आणि भरतीला पाण्याने वेढला जातो. म्हणजे समुद्रच दार उघडतो आणि लावतो. आता ते दार कधी उघडते हे नीट काढायला हवे, आणि इथेच बहुतेक हस्तलिखिते घसरतात. मध्यरात्री पूर्ण चंद्र उगवतो, भरती लेखकाला हवी तेव्हा येते.

कोकणात भरतीचा ढोबळ हिशेब तिथीवरून काढतात : तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. दिवसात हे चक्र दोनदा होते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी खूप चढते आणि तितकेच खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि पुरते ओसरतही नाही.

चंद्राचेही पक्के वेळापत्रक आहे. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास, अमावास्येला दिसतच नाही.

आता हे पंचांग कथाबीजावर ठेवा. नारळी पौर्णिमा श्रावणातली. त्याच महिन्याची अमावास्या म्हणजे पिठोरी, त्या दिवशी आया मुलांसाठी व्रत करतात. मधे पंधरवडा, आणि बरोबर मध्यावर गोकुळाष्टमी. नियमवहीत असे उतरते :

पौर्णिमा. नारळ समुद्राला जातो. दादा फेरीला निघतो.

वद्य द्वितीया. दादाला आणून सोडतात. तो उंबरठ्यावर थांबतो.

तृतीया. जाळ्याखाली लपवलेल्या वहाणा मुक्ताला सापडतात. सकाळी सव्वाआठच्या सुमारास ओहोटी. ती चालत किल्ल्यावर जाते आणि वहाणा जिथून उचलल्या ती रिकामी देवळी शोधून काढते. राखणदाराची चाहूल लागते, तो दिसत नाही.

अष्टमी. मध्यरात्री सगळे कृष्णजन्मात गुंतलेले. ओहोटीही मध्यरात्रीच, पण भांगाची, वाट पाण्याखालीच राहते. मुक्ता पहिल्यांदा वहाणा घालते. जाताना एक वाट जाते, येताना दुसरी. राखणदार भेटतो आणि अट सांगतो. तिसऱ्यांदा घातल्या तर घर जाईल.

अमावास्या. संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला उधाणाची मोठी ओहोटी. सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळणार. दादाला घेऊन, वहाणा हातात धरून ती चालत निघते.

यातले किती प्रसंग मुद्दाम रचावे लागले? फार थोडे. मोठी माणसे अष्टमीच्या रात्री आपोआप बाजूला झाली, चंद्र बरोबर हवा तेव्हा उगवला, आणि अमावास्येला वाट उघडी असण्याची वेळ अंधाराला चिकटून आली. वेळापत्रक खरे धरले की ताण त्यातूनच येतो.

सावध : हा हिशेब कथेपुरता. जागेनुसार वेळ पुढेमागे होते, आणि पावसाळ्यात त्या वाटेने प्रत्यक्ष जाणे धोक्याचे असते. जागा बघायला जाल तेव्हा भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहा आणि स्थानिक कोळ्यांना विचारूनच पाण्यात पाय घाला.

किल्ल्याच्या आतल्या गोष्टी बदलायच्या असतील, नसलेले भुयार, नसलेली देवळी हवी असेल, तर किल्ल्याला सरळ नवे नाव द्या. समुद्राचे नियम मात्र खरेच राहू द्या.

तपासा : मुले किती चालतात? सपाटीवर तासाला तीन-चार किलोमीटर, घाट चढताना त्याच्या निम्मे. त्यांनी काय खाल्ले, पाणी कुठे प्यायले, कपडे कुठे वाळले? वाचक मुले हे विचारतातच.

टप्पा ५ : प्रकरणांचा आराखडा

वीस चिठ्ठ्या घ्या, प्रकरणाला एक. प्रत्येक चिठ्ठीवर तीनच ओळी : मुक्ता काय करायला जाते, काय आडवे येते, ती काय ठरवते. तिसरी ओळ रिकामी राहिली तर ते प्रकरण शेजारच्यात मिसळा.

दुसऱ्या ते पाचव्या प्रकरणात नियम, सातव्या-आठव्यापर्यंत पहिली चुकीची समजूत, मध्यावर पहिली किंमत, पंधराव्याच्या सुमारास सगळे हातातून जाणे. एवढी ढोबळ मोजणी पुरे. मध्यावरच्या प्रसंगाला जास्त वेळ द्या. अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी मुक्ता शाळेला निघते आणि कोपऱ्यावर थांबते, कारण डावीकडे वळायचे की उजवीकडे हे तिला उमगत नाही. मैत्रीण हसते. तिला वाटते मुक्ता नाटक करतेय. वाचकाला किंमत खऱ्या अर्थाने इथे कळते. हा प्रसंग चार ओळींत उरकलात तर शेवटाला वजन येणार नाही.

प्रकरणाच्या शेवटी दर वेळी कोणीतरी किंचाळायला नको. सगळ्यात चांगले शेवट निर्णयावर होतात : तिने वहाणांचे बंद सोडले.

टप्पा ६ : पहिला खर्डा

आता लिहा, आणि पहिले प्रकरण घासत बसू नका. ते नंतर नाहीतरी बदलणार आहे.

सांगणारा कोण हे पहिल्या ओळीआधी ठरवा. ‘मी’ने सांगायचे तर मराठीत पहिल्याच क्रियापदात कळते की सांगणारा मुलगा आहे की मुलगी : मी निघालो, मी निघाले. ते चालणार असेल तर ‘मी’ छान जवळीक देतो. पण आपल्या गोष्टीत मुक्ताच्याच आठवणी पुसल्या जाणार आहेत. ज्या वाटा ती विसरली त्या ती सांगणार कशा? म्हणून इथे तृतीयपुरुषी निवेदन, मात्र मुक्ताच्या खांद्यावरून बघणारे. तिला न दिसलेले काही लिहायचे नाही.

आता एक परिच्छेद बघा. कच्च्या खर्ड्यात असा येतो :

‘मुक्ता ही अत्यंत धाडसी आणि हुशार मुलगी होती. तिचे आपल्या भावावर जिवापाड प्रेम होते. त्या गूढ रात्री दादाचे विचित्र वागणे पाहून तिच्या शरीरातून भीतीची एक लहर धावून गेली.’

यात कोणालाच काही दिसत नाही. तोच प्रसंग :

‘दादा उंबरठ्याशी आला आणि थांबला. आईने ताट वाढले होते. “ये ना रे,” ती म्हणाली. दादाने चौकटीवरून हात फिरवला. तिथे मुक्ताच्या आणि त्याच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्याने एका खुणेवर बोट ठेवले. “या घरात मुलं आहेत वाटतं,” तो म्हणाला. मुक्ताच्या हातातला तांब्या कलंडला.’

धाडसी, हुशार, प्रेम, गूढ, भीती हे पाचही शब्द गेले आणि पाचही गोष्टी आल्या. उंचीच्या खुणांसारखी एक वस्तू प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगात शोधा.

वाक्यातला क्रम घटनेच्या क्रमाने ठेवा. ‘मुक्ता दचकली, कारण मागून कोणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता’ हे वाक्य भीती आधीच सांडून टाकते. ‘मागून खांद्यावर हात पडला. मुक्ता दचकली.’ मराठीत क्रियापद शेवटी येते, त्याचा फायदा घ्या. वाचक वाक्याच्या टोकापर्यंत थांबतो.

संवादात संबोधनाकडे लक्ष द्या. मुक्ता राखणदाराला काय म्हणेल? पहिल्या भेटीत ‘तुम्ही’. चिडल्यावर तोंडातून ‘तू’ निसटेल आणि ती जीभ चावेल. शेवटी, विश्वास बसल्यावर, ती जाणून ‘तू’ म्हणेल. आपण देवाला आणि आईला ‘तू’ म्हणतो, मराठी मुलाला हे सांगावे लागत नाही. एका संबोधनाच्या बदलाने तुमचे दोन परिच्छेद वाचतात.

भाषांतरित पुस्तकांतून आलेले हावभाव गाळा. आपली मुले सारखी खांदे उडवत नाहीत, भुवया उंचावत नाहीत, दीर्घ उसासे टाकत नाहीत. ती तोंड वाकडे करतात, नखे कुरतडतात, पायाच्या अंगठ्याने चप्पल उलटीसुलटी करत उभी राहतात. शेजारच्या जिन्यावर बसलेली मुले बघा आणि तेच लिहा.

बोलीचा प्रश्न अवघड आहे. कोळी बोली तुमच्या घरात बोलली जात नसेल तर संवादभर तिचा आव आणू नका. चुकीची बोली त्या समाजातल्या मुलाला लगेच कळते आणि ती त्याला टोचते. होडी, जाळे, मासे, वारा यांचे त्यांचे शब्द अचूक वापरा, वाक्ये साधी ठेवा आणि खर्डा त्या वस्तीतल्या माणसाला वाचायला द्या.

नावांची एक खबरदारी : मुख्य पात्रांची नावे एकाच अक्षराने सुरू होऊ नयेत. मुक्ता, मीना, माधव एकत्र आले की भराभर वाचणारे मूल गोंधळते.

टप्पा ७ : भीती किती, आणि कोणाची

या वयाला भीती हवी असते, पण तिला तळ हवा. घाबरवणाऱ्या प्रकरणानंतर एक निवाऱ्याचे प्रकरण द्या : गरम भात, कोरडे कपडे, कोणाची तरी साथ. त्यानंतर पुन्हा बाहेर काढा.

खलपात्र निवडताना फार जपा. ‘चेटकीण’ म्हणून गावाबाहेर एकटी राहणारी म्हातारी दाखवणे सोपे असते. आपल्याकडे खऱ्या बायकांना असा शिक्का मारून छळल्याच्या घटना होतात, आणि जादूटोण्याच्या नावाखाली चालणाऱ्या अशा छळाविरुद्ध महाराष्ट्राने २०१३ मध्ये कायदा केला. मुलांच्या पुस्तकाने त्या समजुतीला खतपाणी घालायचे नाही. तसेच कोणत्याही समाजाचे पूजेतले दैवत खलनायक करू नका. वाघोबा हा तुमच्यासाठी कथेतले पात्र असेल, वारली मुलासाठी तो देव आहे. नवा राखणदार रचा, त्याला स्वतःच्या सवयी द्या. आणि खरा आजार मंत्राने बरा होताना दाखवू नका.

अनुकरणाचाही विचार हवा. आपल्या शेवटात मुक्ता आणि दादा किल्ल्यावर पोचतात, वहाणा देवळीत ठेवतात, पण उशीर होतो. पाणी चढायला लागते. वहाणा समोर आहेत, घातल्या तर क्षणात घरी. किंवा पाण्यात उतरून पळायचे. मुक्ता दोन्ही करत नाही. ती आजीचा हिशेब बोटांवर मोजते आणि ठरवते की पहाटे पुन्हा वाट उघडेल, तोवर इथेच थांबायचे. अमावास्येची अख्खी रात्र, वहाणांना हात न लावता. पाण्यात उडी मारण्यापेक्षा या थांबण्यात कितीतरी जास्त धाडस आहे, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचकाने ते उचलले तर त्याचा जीव वाचेल.

टप्पा ८ : मुलांसमोर मोठ्याने वाचा

स्वतःच्या मुलांवर आणि भाच्यांवर चाचणी होत नाही, ती तुमच्यावर प्रेम करतात. ग्रंथालयाच्या बालविभागात किंवा ओळखीच्या शिक्षकांमार्फत, पालकांची परवानगी घेऊन पाच-सहा मुले जमवा.

‘आवडली का?’ हा प्रश्न विचारू नका, सगळी ‘हो’ म्हणतात. विचारा : ‘आता तिने वहाणा घातल्या तर काय होईल?’ उत्तर बरोबर आले तर नियम कागदावर उतरला आहे. आले नाही तर तो तुमच्या डोक्यातच राहिला आहे. वाचताना दुसऱ्या कोणाला तरी बाजूला बसवून मुलांची नजर कुठे सुटते तिथे समासात खूण करायला सांगा. त्या खुणा बहुधा वर्णनांवर आणि उपदेशावर पडतात. प्रकरण संपले की कागद मिटा आणि गप्प बसा. ‘पुढचं?’ असे कोणी विचारते का ते बघा.

सावध : मुले शेवट बदलायला सांगतील. शेवट बदलू नका. तो त्यांना का पटला नाही ते आधीच्या प्रकरणांत शोधा.

टप्पा ९ : पुनर्लेखन आणि पाठवणी

आधी रचना, मग वाक्ये, शेवटी शुद्धलेखन. उलटे केलेत तर ज्या पानाचे ऱ्हस्व-दीर्घ तपासले तेच पान पुढे काढून टाकावे लागते. पहिले प्रकरण झाकून दुसऱ्यापासून वाचा. काही अडले नाही तर पहिले काढा. शेवटच्या पानावरचे तात्पर्य खोडा. आजीच्या तोंडी घातले असेल तर तिथूनही.

हस्तलिखित युनिकोडमध्ये टाइप करा. पुष्कळ ठिकाणी पानांची मांडणी श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये होते आणि रूपांतरात जोडाक्षरे मोडतात. प्रुफे आली की ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘किनाऱ्याला’ असे शब्द आणि अवतरणचिन्हे पहिल्यांदा शोधा, चुका तिथे सापडतात.

प्रकाशकाला पहिली तीन प्रकरणे आणि एक पानाचा सारांश पाठवा. सारांशात शेवट लपवू नका, संपादकाला तोच बघायचा असतो. पत्रात वाचकाचा वयोगट आणि एकूण शब्दसंख्या लिहा. चित्रे स्वतः काढून घेण्यात पैसे घालू नका, चित्रकार बहुधा प्रकाशक निवडतो. आपल्याला मात्र त्या चित्रकारासाठी नियमवहीची एक प्रत काढून ठेवता येते : वहाणांना किती बंद, देवळी कोणत्या बाजूला, मुक्ताच्या केसांच्या वेण्या की बॉबकट. करारात स्वामित्वहक्क कोणाकडे राहतो, आवृत्ती किती प्रतींची आणि ऑडिओबुकचे व अनुवादाचे हक्क कोणाला, हे वाचल्याशिवाय सही करू नका. स्वतःच छापणार असाल तर आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनाशुल्क मिळतो. तो छपाईच्या आधी घ्या, म्हणजे मलपृष्ठावर बारकोड बसवता येईल.